पाणी आत आलं कुठून?

चिरंजिवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप ऐकला. आजोबांचा चेनचा ट्रॅक्टर बागेतून बाहेर काढायचाय, इंजिन लागतंय, पण डावा लिव्हर ओढला तरी गाडी नाकासमोर सरळच जाते. चौघांनी चार सल्ले दिले. एक म्हणाला, घण घाल, सुटतला. दुसरा म्हणाला, लिव्हर दोरीने मागे बांध, ब्रेक दाब आणि गाडी बांधावर रेट. तिसरा म्हणाला, क्लचचा डबा डिझेलने भर. चौथ्याने सरळ भंगारवाल्याचा नंबर दिला. क्लच जाम होतो तो पाण्याने, पण त्या डब्यात पाणी आलं कुठून, हे त्यांतल्या एकानेही विचारलं नाही. तूही मला ते सांगितलं नाहीस. म्हणून थोडा रागावलोय.

आधी मशीन समजून घे. आजोबांची गाडी म्हणजे डी-२, ती कॅटरपिलर कंपनीने १९३८ ते १९५७ या काळात बनवली. तिला स्टिअरिंगचं चाक नाही. सीटखाली दोन बाजूंना दोन कोरडे डबे, प्रत्येकात क्लचच्या प्लेटांची चवड: एक लोखंडी, एक लायनिंगवाली (म्हणजे पकड धरणारं अस्तर लावलेली), पुन्हा लोखंडी. स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात म्हणून चेन फिरते. लिव्हर ओढला की काटा बेअरिंगला ढकलतो, प्रेशर प्लेट मागे सरते, चवड सैल होते, त्या बाजूची ताकद सुटते आणि गाडी तिकडे वळते. यात कुठेही तेलाला जागा नाही, पाण्याला तर नाहीच. आपल्याकडे पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, वर खाडीचा खारा वारा. झाडाखाली चार पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीच्या प्लेटा जुन्या फणसपोळीच्या थरांसारख्या एकमेकींना धरून बसतात. ओढशील तर लायनिंग फाटून लोखंडाला चिकटून राहील.

त्यामुळे लिव्हर खेचत बसू नकोस. वरचं झाकण काढ, बॅटरी मार आणि दुसऱ्याला लिव्हर ओढायला सांग. लिव्हर हलतच नसेल तर काटा किंवा बेअरिंग जाम आहे, प्लेटांचा दोष नाही. लिव्हर हलतोय पण प्रेशर प्लेट जागची हलत नाही, तर आधी जोडणी आणि अ‍ॅडजस्टमेंट बघ. प्लेट मागे सरतेय आणि तरी ड्रम, म्हणजे चवडीभोवतीचं चेनकडे ताकद नेणारं गोल भांडं, सुटत नाही, तेव्हाच चवड गंजलीय म्हण. तिन्ही दुखण्यांना घण हे औषध नाही.

लिव्हर बांधून गाडी रेटण्याने कधी कधी सुटतं, हे मी नाकारत नाही. एका पावसाची पकड असेल तर ब्रेक धरल्यावर प्लेटा सुटतात. पण जुन्या गंजावर ती सगळी ताकद बेव्हल गिअरच्या, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही बाजूंच्या क्लचांकडे वळवणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांवर येते. खारबंदिस्तीच्या कामावरचा एक डी-४, याच कंपनीचा मोठा ट्रॅक्टर, आठवतो. मी मालकाला म्हटलं, आठ दिवस दे, खोलून देतो. त्याला भरतीच्या आत बांध घालायचा होता. दुसऱ्याने लिव्हर बांधून गाडी जांभ्याच्या गडग्यावर घातली. दात गेले, आणि ती गाडी किलोच्या भावाने गेली. ती वाचली असती, ही सल अजून आहे. लोक म्हणतात मी वेळ लावतो. लावतो! मी खोललेल्या गाडीचा तोच क्लच त्याच कारणाने परत जाम झालेला मला दाखवा, मग बोला. पाणी आलं कुठून हे कळल्याशिवाय मी नवी प्लेट बसवत नाही, आणि तूही बसवायची नाहीस.

डिझेलचंही तसंच. क्लच तेलाने घसरत असेल तर रॉकेलने धुणं बरोबर. गंजलेल्याला धुऊन काय होणार?

खोलायचंच ठरलं तर सीट, तळपत्रे आणि मागची टाकी उतरव. ब्रेकचा पट्टा सोड. ड्रमचे बोल्ट सगळे एका जागेवरून हाताला येत नाहीत. गाडी थोडी पुढे घे, चेनखाली लाकूड घाल, मग पुढचे सोड. सोडण्याआधी ड्रमवर आणि फ्लँजवर छिन्नीने खुणा कर. उचलायला चेन ब्लॉक लाव, माणसं नको. स्प्रिंगा दाबून बसलेल्या असतात, त्या लांब बोल्ट लावून सगळीकडून सारख्या थोड्या थोड्या सोडायच्या. घाई केलीस तर हात जाईल.

जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. कॉम्प्रेसरने हवा मारू नकोस, ओल्या फडक्याने पूस, तोंडाला चांगला मास्क लाव. लोखंडी प्लेट सपाट काचेवर ठेवून बघ. वाकलेली नको. ड्रमच्या खाचांना प्लेटांच्या दातांनी खड्डे पाडले असतील तर तिथे प्लेट अडकते, लिव्हर कितीही ओढ. हलके खड्डे कानशीने घालव. खोल असतील तर ड्रम बदल. बसवताना हात कोरडे ठेव, लायनिंगला ग्रीसचा डागही नको. बेव्हल बाजूचं ऑइल सील नवं घाल. बोल्टांच्या लॉक पट्ट्या नव्या घाल. आणि उजवी बाजूही उघड. तिनेही तेच पावसाळे काढलेत.

आता मूळ मुद्दा. पाणी वरून येतं: लिव्हरच्या फटीतून, फाटलेल्या रबरातून, उचकटलेल्या तळपत्र्यातून. आणि खालून बाहेर जात नाही. डब्याच्या तळाला निचऱ्याचं भोक असतं. पाण्याचिखलात काम असेल तेव्हा तिथे बूच घालायचं, एरवी भोक मोकळं. आपल्या सड्यावरची तांबडी माती त्यात बसली की वाळून दगड होते. मी अशा भोकांतून कुंभारमाशीची घरं काढली आहेत, आत तिची अळीसुद्धा असायची. एवढ्याशा मातीपायी आख्खी चवड जाते. म्हणून पाणी आलं कुठून आणि अडलं कुठे, ही दोन उत्तरं हातात असल्याशिवाय पान्याला हात लावू नकोस. काम झालं की गाडी छपराखाली घे, पावसाळ्यात लिव्हर बांधून क्लच सुटा ठेव.

उद्या सकाळी एवढंच कर. गाडीखाली झोप, जाड तार घेऊन दोन्ही भोकं मोकळी कर, खाली घमेलं ठेव. पाणी तांबडं निघालं तर गंज आहे, वरच्या फटी शोध. काळं, तेलकट निघालं तर बेव्हलचं सील गेलंय, ते आणल्याशिवाय मला बोलावू नकोस. काय निघालं ते फोटोसकट कळव, मग मी तारीख देतो.

तुझा,
काका