बाळ झोपेत पालथं पडतंय?

अगं, घाबरू नकोस. चौथ्या-पाचव्या महिन्यात बरीच बाळं झोपेतही वळायला लागतात. माझी लेक पहाटे कॉटच्या पायथ्याशी आडवी सापडायची, एक पाय गजांतून बाहेर! झोपवताना मात्र दर वेळी उताणंच झोपव. उताण्याचं पालथं आणि पालथ्याचं उताणं, असं दोन्हीकडे बाळाला आपलं आपण वळता येत असेल, तर रात्रभर उठून सरळ करत बसू नकोस. दुपट्यात घट्ट गुंडाळणं आजपासूनच बंद कर. हात अडकलेलं बाळ पालथं पडलं तर त्याला परत वळता येत नाही. मोहरीची उशी, लोड, गोधडी, मऊ खेळणी सगळं कॉटमधून काढ, सासूबाई रागावल्या तरी. गादी कडक, चादर ताणून खोचलेली, एवढंच. बाळ बसायला लागायच्या आत गादी खालच्या खाचेवर उतरव.