मानत नाही, पण आवडतो

चिऊ,

"तू देव मानत नाहीस ना, मग व्हिडिओ कॉलवर आरतीला डोळे मिटून हात जोडून काय उभी होतीस? मराठी लोकांचं हे असंच असतं का, बाबांचे मित्र पण स्वतःला नास्तिक म्हणवतात आणि दीड दिवसाचा गणपती बसवतात." हा तुझा मेसेज. फोनवरच उत्तर दिलं असतं पण फोनवर आजी मागून "काय म्हणतेय गं ती" करत असते, आणि हे दोन वाक्यांत आटपण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. लांबलं तर अभ्यासाच्या मधे मधे वाच.

आधी सरळ उत्तर. नाही, मानत नाही. वर कोणीतरी बसलंय, ते बघतंय, ऐकतंय, माझ्या इथल्या डब्लिनमधल्या नोकरीची नि तुझ्या दहावीची फाइल पुढे सरकवतंय असं मला वाटत नाही, बरीच वर्षं वाटत नाही. आणि डोळे मिटले होते ते खरेच मिटले होते, आजीला बरं वाटावं म्हणून नाटक नव्हतं. मला तो आवडतो. खरं तर एवढंच आहे, पण यावर तू "म्हणजे काय?" म्हणणार हे माहितीये म्हणून पुढचं लिहितेय.

माझा विश्वास काही भांडून वगैरे गेला नाही. सिनेमात दाखवतात तसं देवळाच्या पायरीवर उभं राहून कोणी ओरडलं नाही. कॉलेजला असताना एकदा रिझल्ट लागून गेल्यावर लक्षात आलं की अरे, या वेळी मी त्याला काही बोललेच नाही, नवस नाही, कोपिनेश्वरच्या देवळात जाऊन येते नाही, काहीच नाही, आणि मार्क जेवढे पडायचे तेवढेच पडले. वाईट वाटलं नाही, हलकंही वाटलं नाही. नुसतं लक्षात आलं.

सुरुवात शोधायचीच तर १९९५ मध्ये सापडेल. २१ सप्टेंबर, पितृपक्ष चालू होता, गणपती होऊन गेलेले, आणि अचानक सगळीकडे गणपती दूध पितोय! दिल्लीत, मुंबईत, अगदी लंडनमधल्या देवळात पण. तेव्हा आमच्याकडे ना मोबाइल ना व्हॉट्सअॅप, तरी दुपारपर्यंत ठाण्यात आमच्या नौपाड्यात बातमी पोचली आणि देवळाबाहेर ही रांग. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, वाटीभर दूध आणि चमचा घेऊन निघाली आणि मी शाळेतून आले तशी दप्तर टाकून तिच्याबरोबर. आमचा नंबर आला, आजीने चमचा सोंडेला टेकवला, जरासा तिरका धरला, आणि दूध खरंच कमी कमी होत गेलं. माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. मग शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं की दूध कुठे जात नाही, पृष्ठताणामुळे चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थर होऊन खाली ओघळतं, दगडावर ते पटकन दिसत नाही एवढंच. आमच्या सायन्सच्या सरांनी तर वर्गात पितळेच्या घंटेला दूध पाजलं, घंटा पण प्यायली. मी घरी येऊन आजीला अगदी जिंकल्यासारखं हे सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान पण वर केली नाही, म्हणाली, "असू दे, तेवढंच त्याच्या तोंडाला दूध लागलं."

हे वाक्य मला तेव्हा भाबडं वाटलं होतं. आता वाटतं की आमच्या दोघींत डोकं तिचंच जास्त साफ होतं. तिची श्रद्धा होतीच, रग्गड होती, पण तिने दूध पाजणं आणि तो प्यायला की नाही या दोन गोष्टी तिच्या हिशोबात वेगळ्या होत्या. चमत्कार झाला तर बरंच, नाही झाला तर पाजणं फुकट गेलं असं काही नाही. माझ्याकडे यातली श्रद्धा आली नाही, पाजणं मात्र आलं.

आता मराठी लोकांचं विचारलंस ते. इतरांचं इतर बघतील, आपल्याकडे देवाला लांब ठेवायची पद्धतच फारशी नाही गं. आरतीत "युगे अठ्ठावीस" म्हणतो आपण, ती कथा काय, तर विठ्ठल भेटायला आला तेव्हा पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, त्याने वीट फेकली आणि म्हणाला थांब जरा. आणि देव थांबला, अजून थांबलाय! देवाला वेटिंगवर ठेवलं म्हणून पुंडलिकाला कोणी वाईट ठरवलेलं नाही, उलट त्याचंच नाव जयजयकारात विठ्ठलाच्या आधी घेतात, "पुंडलिक वरदा हरि विठ्ठल". जनाबाईच्या नावावर जे अभंग आहेत त्यात ती त्याच्याबरोबर दळते, कांडते, आणि एका अभंगात त्याला सरळ "विठ्या" म्हणून हाक मारून "कारट्या" म्हणते आणि पुढे आजी ऐकू देणार नाही असल्या शिव्या देते. आणि तुकाराम महाराजांनी चिडून म्हणून ठेवलंय, "माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल." तुकाराम महाराजांनी! आणि तरी माणूस शेवटपर्यंत विठ्ठलाचाच. म्हणजे ते नास्तिक होते असं मी म्हणत नाहीये, तसं कोणी म्हटलं तर माझ्या नावावर खपवू नकोस, त्यांचा तो राग भक्ताचाच होता. पण ज्या घरात देवाला कारट्या म्हणता येतं, तू माझ्यापुरता मेलास म्हणता येतं, त्या घरात "तू नाहीयेस असं मला वाटतं" हे पण त्याच्याच तोंडावर सांगता येतं आणि त्यानंतर प्रसादाला बसता येतं, कोणी ताटावरून उठवत नाही.

मी त्याच्याशी अजून बोलते हे तुला माहीत नसेल. मागत काही नाही, मागायचं ते एचआरकडे मागते. पण सकाळी डब्लिनच्या या पावसात दार लावताना "चल रे बाप्पा" निघतंच तोंडातून, आणि आजोबा गेले तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक माणूस "देवाच्या मनात होतं" म्हणत होता तेव्हा मला इतका राग आला, आणि राग त्या माणसांचा नाही, त्याचा आला. जो नाहीच त्याचा! रात्री गॅलरीत उभी राहून मी त्याला भरपूर बोलले. तुझे बाबा म्हणाले, अगं तू तर मानत नाहीस. म्हटलं, म्हणून काय झालं.

तू म्हणशील ही नुसती घरची आठवण आहे, परदेशात गेलं की सगळ्यांनाच होतं ते. तेही आहे थोडं, नाही कशाला म्हणू. इथे मला जांभळी नाक्याच्या फुलांच्या वासाची आठवण येते, दुर्वांच्या जुड्या निवडून एकवीस मोजायचं काम माझ्याकडे असायचं त्याची येते, तलावपाळीची येते, मामलेदारच्या मिसळीची तर फारच येते. पण मिसळीशी मी बोलत नाही ना.

मला जे वाटतं ते मला सगळ्यात नीट उत्तरपूजेत दिसतं. गुरुजी काय करतात ते यंदा बघ, तू दरवेळी तेव्हा फोनवर असतेस. पहिल्या दिवशी प्राणप्रतिष्ठा करतात, तोपर्यंत ती शाडूची मूर्ती, प्रतिष्ठेनंतर देव. आणि शेवटच्या दिवशी उत्तरपूजा, आरती होते, हातावर दही देतात, मंत्र म्हणून अक्षता वाहतात आणि मूर्ती जागची जराशी हलवतात. संपलं. शास्त्राप्रमाणे त्या क्षणी देव गेला, पाटावर उरली ती माती. आता त्यानंतर आपल्या घरात काय होतं ते आठव. आजी मूर्तीच्या कानाशी काहीतरी पुटपुटते, मामा पाट उचलताना "अरे सांभाळून, हाताला लागेल त्याच्या" म्हणून सगळ्यांवर ओरडतो, दाराशी गेल्यावर तोंड घराकडे वळवून त्याला घर दाखवतात, तळ्यावर पोचल्यावर परत एकदा आरती, आणि पाण्यात सोडताना रडारड. कोणासाठी? देव तर उत्तरपूजेलाच गेलाय, गुरुजी दक्षिणा घेऊन पुढच्या घरी पोचले पण! पूर्ण श्रद्धा असलेली माणसं, ज्यांना नियम पाठ आहेत, ती पण तो एखाद तास मातीवर तेवढीच माया करतात, जास्तच करतात, आणि हे चुकीचं आहे असं म्हणायला आजवर एकही गुरुजी धावत आलेले नाहीत. मी त्या तासात राहते, चिऊ. माझ्या हिशोबाने तो गेलाय, पण पाट अजून माझ्या हातात आहे आणि तो मला आपटायचा नाहीये.

आणि हे फक्त माझंच नाही. नरेंद्र दाभोलकरांचं नाव तू ऐकलंयस, २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात फिरायला गेलेले असताना त्यांना गोळ्या घालून मारलं. त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती, ती माणसं गणपतीत काय करायची माहितीये? नदीवर उभी राहून लोकांना विनंती करायची की मूर्ती पाण्यात सोडू नका, आमच्याकडे दान द्या, म्हणजे पाणी खराब होणार नाही. ज्यांना लोक देवाचे शत्रू म्हणायचे ती माणसं लोकांचे गणपती दोन्ही हातांनी घेत होती. आता आपल्या ठाण्यात महापालिकाच कृत्रिम तलाव करते आणि बहुतेकांना त्यात काही वावगं वाटत नाही.

पण माझ्या आवडण्याला कुंपण आहे, तेही सांगून ठेवते, नाहीतर आजी म्हणेल बघ आली लाइनीवर. तो आवडतो म्हणजे तो आहे असं सिद्ध होत नाही. तो आवडतो म्हणून त्याच्या नावाने कोणी घाबरवलं, शनी वाकडा आहे, अमुक शांत करा, इतके हजार होतील, तर मी ऐकून घेणार नाही, आणि पाळीच्या दिवसांत तुला देवघरापासून लांब बस म्हटलं तर तू पण ऐकू नकोस, तिथे माझं नाव बिनधास्त सांग. रात्री डीजे लावून आजीच्या छातीत धडधड करणारं मंडळ मला कुठल्याही देवाच्या नावावर चालणार नाही. यातलं काहीच बाप्पाबद्दल नाही, माणसांबद्दल आहे, पण बिल त्याच्या नावावर फाडतात म्हणून बोलले.

बाबांच्या मित्रांना मात्र ढोंगी म्हणू नकोस पटकन. त्यातला एखादा असेलही, सासूबाईंच्या धाकाने बसवणारा. बाकीच्यांना तू एकदा विसर्जनाच्या वेळी बघ आणि मग सांग.

आता माझा प्रश्न. तू मानतेस का? माझ्यासारखं उत्तर यायला पाहिजे असं मुळीच नाही, मनापासून मानत असशील तर मला आवडेल, नसशील तरी आवडेल, आणि अजून ठरलं नसेल तर दहावीच्या वर्षात ते ठरवलंच पाहिजे अशी काही घाई नाही. आरतीला उभं राहावंसं वाटत नसेल तर आजीला तसं सांग, फक्त ती मोदकांची उकड काढत असताना हा विषय काढू नकोस. उत्तर मला लिहून पाठव, फोनवर नको, आजी हल्ली स्पीकरवर टाकते.

तुझी,
आई