क्लासचं नंतर, आधी तुझं बोलू

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

लेकीला स्केटिंगला घालू की जिम्नॅस्टिक्सला, असं विचारलंस. साडेतीन वर्षांची पोर कुठेही रमेल. क्लासचं नंतर बघू. आधी तू स्वतः किती हलतोस ते सांग.

तू म्हणशील, बाई, बोरिवलीहून लोकल, दादरचा पूल चढा-उतरा, पुढे ऑफिसपर्यंत पायी, आणखी काय हवं? कबूल. मुंबईकराचं निम्मं चालणं स्टेशनातच होतं. पण त्यातलं तुझ्या लेकीला काय दिसतं? रात्री साडेआठला बॅग टाकून सोफ्यावर आडवा होणारा आणि मोबाइल काढणारा बाबा. तुझी सगळी पायपीट तिच्या नजरेआड होते. इथल्या आईबापांना उगाच आळशी म्हणतात; खरी अडचण ही आहे.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅमला ४ ते ७ वर्षांच्या शंभरेक मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना हालचाल मोजणारं यंत्र लावून पाहणी केली होती. १९९१ साली ती छापून आली. आई भरपूर हालचाल करणारी असेल, तर मूलही तसं असण्याची शक्यता दुप्पट. वडील तसे असतील तर साडेतीन पट, आणि दोघंही असतील तर जवळजवळ सहापट. पुढे २०१४ मध्ये इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनच्या ५५४ माता आणि त्यांच्या चार वर्षांच्या मुलांचंही असंच मोजमाप प्रसिद्ध झालं. आई जास्त हलती तर मूलही जास्त हलतं, हेच त्यात दिसलं. आता आई पोराला पळवते की पोर आईला, हे अशा आकड्यांवरून ठरत नाही. माझ्या मते दोन्ही. इतकी वर्षं मैदानावर पोरं आणि पालक पाहून तरी मला तसंच वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३-४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे, त्यातली ६० तरी चांगली दमछाक करणारी. बसून स्क्रीन बघणं तासाभराच्या आत, आणि स्ट्रोलरमध्ये एका वेळी तासाहून जास्त बांधून ठेवायचं नाही. १८० ऐकून दचकू नकोस. जिना, गच्ची, भाजीला जाणं, गादीवरच्या उड्या, सगळं यात धरायचं.

जिन्यापासूनच सुरुवात कर. खालचे दोन मजले लिफ्ट नको. चढताना ती एकेक पाय पुढे टाकत जाईल. उतरताना मात्र बहुधा दोन्ही पाय एकाच पायरीवर आणून, कठड्याचा गज घट्ट धरून, मगच पुढची पायरी. शेवटच्या पायरीवरून उडी मारायला थांबेल आणि तुझ्याकडे बघेल. तेव्हा तूही मार उडी. घाई करून तिला कडेवर घेतलंस की संपलं. भाजी आणताना कोथिंबिरीची जुडी तिच्या हातात दे, चालू दे तिच्या गतीने. पावसाळ्यात मजल्यावरचा पॅसेज वापर. लंगडी तिला इतक्यात जमणार नाही, पण एका पायावर उभं राहायची शर्यत लावता येते. त्यात तू हरशील, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

सोसायटीत ‘इथे खेळू नये’ असा बोर्ड असेल, तर कमिटीशी भांडायची जबाबदारी तुझी. तिथे मी मध्यस्थी करणार नाही.

आणि सूनबाईंचं काय? दिवसभर पोरीमागे धावणं हा व्यायाम नव्हे, दमणूक आहे. सकाळी अर्धा तास पोरीला तू सांभाळ आणि त्यांना एकट्यांना फिरायला जाऊ दे. आई बूट घालून स्वतःसाठी बाहेर पडते, हे लेकीने बघायला हवं. मुलीच्या जातीला ते फार क्वचित बघायला मिळतं.

मात्र ‘चल, व्यायाम करू’ असं तिला म्हणू नकोस. तिच्यासाठी तो खेळच राहू दे.

या रविवारी सकाळी तिघं शिवाजी पार्कला या, स्ट्रोलर घरी ठेवून. समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबावर चढणारी मुलं तिला लांबून दाखवू. आपणहून हट्ट धरला, तर एक-दोन वर्षांनी क्लासचं बोलू. नाश्ता माझ्याकडे.

तुझ्या पी.टी.च्या बाई