अर्ली डिसिजन कुठे टाकावं? आधी पैशाचं गणित

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की लेक अकरावी सायन्सला आहे, फिजिक्स आणि इतिहास दोन्हींत रस आहे, तुम्ही वर्षाला 15 लाख घालू शकता, आणि अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, स्वार्थमोर, कार्लटन या छोट्या कॉलेजांपैकी अर्ली डिसिजन (म्हणजे एकाच कॉलेजला लवकर केलेला, प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असा अर्ज) कुठे टाकावं. ओळखीतल्या बऱ्याच मुलामुलींचे अर्ज जवळून पाहिलेत, म्हणून जरा लांबण लावतो.

15 लाख म्हणजे ढोबळमानाने 17 हजार डॉलर. तिथला राहण्याजेवणासकट खर्च वर्षाला 85 हजारांच्या आसपास किंवा वरच. म्हणजे मदत मागावी लागणारच, आणि परदेशी मुलांचं घोडं तिथेच अडतं. अ‍ॅमहर्स्ट परदेशी अर्जदारालाही ऐपत न बघता निवडतं. 2022 मध्ये बोडिन कॉलेजनेही तेच धोरण जाहीर केलं. ते तुमच्या यादीत नाही, घाला. बाकी तिन्ही कॉलेजं प्रवेश दिला तर लागेल तेवढी मदत देतात, पण प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवताना ही मुलगी आपल्याला केवढ्याला पडेल हेही बघतात. "आधी आत शिरू, पैशाचं मग बघू" हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. अर्जात मदत नको म्हणून सांगितलंत तर पुढे मागायची सोय परदेशी मुलांना बहुतेक ठिकाणी नसते. अर्ली डिसिजन बंधनकारक असलं तरी देऊ केलेल्या मदतीत भागत नसेल तर नाही म्हणता येतं, त्यामुळे तेवढी धास्ती नको. वेबसाइटवरचे खर्चाचे कॅल्क्युलेटर मुख्यतः अमेरिकन कुटुंबांसाठी असतात, त्यावर विसंबू नका. सीएसएस प्रोफाइल, म्हणजे मदतीसाठीचा अर्ज, भरताना फ्लॅट, शेती, आजीआजोबांचा खर्च सगळं विचारतात. इन्कम टॅक्स रिटर्न आत्तापासून काढून ठेवा.

आता कॉलेजांचं. रँकिंगमध्ये कोण दुसरं आणि कोण चौथं यात काही अर्थ नाही, शिकवायची पद्धत बघा. विल्यम्सचं ट्युटोरियल म्हणजे एक प्राध्यापक आणि दोनच विद्यार्थी. एका आठवड्यात एकाने पाच-सात पानांचा निबंध लिहायचा, दुसऱ्याने समोर बसून त्याची चिरफाड करायची, पुढच्या आठवड्यात उलट. प्राध्यापक बहुतेक वेळ ऐकतात. पाठांतरावर पुढे आलेलं मूल सुरुवातीला तिथे गडबडतं. वाद घालायला आवडणारं खुलतं. तुमची लेक कशातली, हे तुम्हालाच माहीत.

अ‍ॅमहर्स्टला पहिल्या वर्षाचा एक सेमिनार सोडला तर सक्तीचा विषय नाही, त्यामुळे फिजिक्स-इतिहास जोडी जमवणं सोपं. छोट्या कॉलेजात फिजिक्सचे वरच्या पातळीचे कोर्स लवकर संपतात ही खरी अडचण. अ‍ॅमहर्स्टची मुलं त्यासाठी शेजारच्या यूमासला (मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात) बसने जातात. स्वार्थमोरला हेव्हरफर्ड आणि ब्रिन मॉर ही कॉलेजं जोडलेली आहेत, तिथले कोर्सही घेता येतात. स्वार्थमोरच्या ऑनर्समध्ये शेवटी बाहेरून आलेले परीक्षक लेखी आणि तोंडी परीक्षा घेतात, हा प्रकार 1922 पासून चालू आहे. अभ्यासाचा ताण खराच आहे, म्हणून पहिल्या सत्राचे ग्रेड धरत नाहीत. कार्लटन चांगलंच, पण दहा आठवड्यांची सत्रं भुर्रकन संपतात, आणि मिनेसोटाची थंडी ज्याची त्याने झेपवावी.

तुमच्या जागी मी नोव्हेंबरमध्ये अ‍ॅमहर्स्ट टाकलं असतं. नाही झालं तर बोडिन अर्ली डिसिजनच्या दुसऱ्या फेरीत, जानेवारीच्या सुरुवातीला.

खरी मेहनत मात्र कागदपत्रांची. नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी ज्युनियर कॉलेजात, म्हणजे दोन ठिकाणचे सही-शिक्क्याचे मार्क लागणार. त्यातून ते 'इंटिग्रेटेड' वालं कॉलेज असेल तर हजेरी नावाला, मूल दिवसभर क्लासमध्ये, आणि शिफारसपत्र लिहायला तिला ओळखणारं कोणी नाही! मग "हुशार, शिस्तप्रिय, आज्ञाधारक" असं साच्यातलं पत्र येतं. त्याचा काडीचा उपयोग नाही. पत्रात एखादा प्रसंग हवा: प्रॅक्टिकलला रीडिंग जुळेना तेव्हा ती थांबून काय म्हणाली, असा. काउन्सेलर नसेल तर प्राचार्य किंवा उपप्राचार्य लिहू शकतात. त्यांना अर्जाचं पोर्टल कसं वापरायचं हे मात्र बहुधा तुम्हालाच बसून दाखवावं लागेल.

अर्जातला मुख्य निबंध जास्तीत जास्त 650 शब्दांचा. तो तिचा तिलाच लिहू द्या. पैसे देऊन गुळगुळीत करून घेतलेले निबंध वाचणाऱ्याला लगेच कळतात.

जेईई चालू ठेवायची का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ठेवणार असाल तर बारावीच्या दिवाळीत टेस्ट सिरीज आणि नोव्हेंबरचा अर्ज एकाच वेळी अंगावर येतील. तेव्हा निबंधाचा पहिला खर्डा मे महिन्याच्या सुट्टीत व्हायला हवा, आणि फिजिक्सच्या सरांशी पत्राचं बोलणं त्याच्याही आधी.