पॅक-१२ चं नाव मोठं, पण सही कशावर करताय?

पत्र: "मुलगी बारावी सायन्सला आहे. वयाच्या आठव्या वर्षापासून टेनिस खेळते. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या प्रशिक्षकांशी बोलणं चालू आहे. एक पश्चिमेकडचं. ते माउंटन वेस्ट कॉन्फरन्स (विद्यापीठांचा क्रीडागट) सोडून २०२६ पासून पॅक-१२ या कॉन्फरन्समध्ये जातंय. ते निम्मी स्कॉलरशिप देतंय. दुसरं ओहायोतलं, कॉन्फरन्स लहान, पण फी आणि राहणं-जेवण दोन्ही देतो म्हणतात. आमचा एजंट म्हणतो, पॅक-१२ हे नाव आयुष्यभर बायोडेटावर राहील, उरलेल्यासाठी कर्ज काढा. डॅलसला असलेले माझे मेव्हणे म्हणतात, पॅक-१२ केव्हाच बुडाली. मुलीला बायोमेडिकल इंजिनिअरिंग करायचं आहे. कोणाचं ऐकावं?" (एक पालक, कोल्हापूर)

नमस्कार,

एजंट आणि मेव्हणे, दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे. पण ते दोघं बोलतायत त्या गोष्टीवर तुमच्या मुलीची पुढची चार वर्षं ठरू नयेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांना विभाग असतात. शिवाजी विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागात खेळतो, कारण कोल्हापूर पश्चिमेला आहे, बस्स. अमेरिकेतल्या कॉन्फरन्सही मुळात अशाच जवळच्या विद्यापीठांच्या गटातून उभ्या राहिल्या. पॅक-१२ ची सुरुवात १९१५ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरची विद्यापीठं एकत्र येऊन झाली. फरक असा की तिथे कॉन्फरन्स आपल्या सामन्यांचे टीव्ही हक्क स्वतः विकते आणि पैसे सदस्यांत वाटते. आता समजा, जास्त पैसे मिळतात म्हणून शिवाजी विद्यापीठाने उद्या पश्चिम विभाग सोडून गुवाहाटी-भुवनेश्वरच्या गटात नाव घातलं तर? तिकडे नेमकं हेच झालं आहे.

३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए आणि यूएससी या दोन विद्यापीठांनी पॅक-१२ सोडून बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जायचं जाहीर केलं. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने सात वर्षांचा, सात अब्ज डॉलर्सहून मोठा टीव्ही करार केला. पॅक-१२ ला तसा करार जमला नाही. २०२३ च्या जुलैत कोलोरॅडो गेलं, आणि ४ ऑगस्टला एका दिवसात पाच विद्यापीठं गेली: ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा बिग ट्वेल्व्ह या तिसऱ्या कॉन्फरन्समध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीला अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने घेतलं. म्हणजे पॅसिफिक किनाऱ्यावरची विद्यापीठं अटलांटिक किनाऱ्याच्या गटात! मागे राहिली ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट, दोनच. या दोघांनी पॅक-१२ चं नाव टिकवलं आणि नवे सदस्य जमवले: माउंटन वेस्टमधून बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि यूटा स्टेट, शिवाय गोन्झागा आणि टेक्सस स्टेट.

तेव्हा एजंट ज्या नावाबद्दल बोलतोय ती पाटी तीच आहे, घरातली माणसं बदललीत. मेव्हणे म्हणतात तशी ती बुडालेली नाही, आणि एजंट सांगतो तशी ती जुनीही नाही. नव्या गटातली विद्यापीठं वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. पण जुन्या नावासाठी लाखोंचं कर्ज काढायला मी सांगणार नाही.

ही सगळी उलथापालथ अमेरिकन फुटबॉलच्या टीव्ही पैशांसाठी झाली. टेनिसचा त्यात विचारसुद्धा झालेला नाही, परिणाम मात्र टेनिसच्या पोरी भोगतात. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो. टेनिसचा संघ वसंतात अनेकदा शुक्रवारी आणि रविवारी असे लागोपाठ सामने खेळतो. नव्या पॅक-१२ मध्ये टेक्सस स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांच्यातलं अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर आहे. कोल्हापूर-गुवाहाटीपेक्षा जास्त.

माझ्याकडे मार्गदर्शनाला आलेला एक मुलगा असाच गेला होता. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या वर्षी त्यांची कॉन्फरन्स बदलली. एका रविवारी रात्री त्याने मला व्हिडिओ कॉल केला तेव्हा तो विमानतळावर चार्जिंग पॉइंटजवळ फरशीवर बसला होता. मांडीवर लॅपटॉप, शेजारी रॅकेटची बॅग, आणि बॅगेवर वाळत घातलेला ओला टी-शर्ट. फ्लाइट रद्द झाली होती, सोमवारी सकाळी लॅब होती आणि रिपोर्ट अर्धाच झाला होता. "सर, हरल्याचं काही नाही, पण ही तिसरी लॅब बुडतेय," म्हणाला. त्या वर्षाअखेरीस त्याला नेणारा प्रशिक्षकही दुसरीकडे गेला. नव्या प्रशिक्षकाने आपले खेळाडू आणले आणि हा बाकावर बसला. तो कॉल मी विसरलेलो नाही. म्हणूनच तुमच्या पत्रातली बायोमेडिकल इंजिनिअरिंगची एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या शाखेत लॅब असतात, आणि बुडालेली लॅब रेकॉर्डिंग पाहून भरून निघत नाही.

आता पैशांकडे. जून २०२५ मध्ये खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या 'हाऊस' खटल्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली. ती स्वीकारणारी विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षासाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर्सपर्यंत. त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. अशा विद्यापीठांत स्कॉलरशिपच्या संख्येऐवजी संघाच्या आकाराला मर्यादा आली आहे, टेनिसमध्ये १० खेळाडू. त्यामुळे संघात जागा कमी आणि ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या अनुभवी खेळाडूंशी स्पर्धा. काही ठिकाणी तर छोटे खेळच बंद झाले. कॅल पॉलीने २०२५ मध्ये जलतरण बंद केलं. मुलींच्या खेळांना १९७२ च्या टायटल नाइन या शिक्षणातल्या स्त्री-पुरुष समानतेच्या कायद्याचा आधार आहे, पण तो कायदा विशिष्ट खेळ टिकेलच अशी हमी देत नाही. आणि एजंटने जाहिरातींच्या कमाईचं गाजर दाखवलं तर स्पष्ट नाही म्हणा. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर कामाचे नियम कडक आहेत, त्यात चूक झाली तर शिक्षणच धोक्यात येतं.

नाव हवंच असेल तर सोमदेव देववर्मनचं घ्या. तो व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला, २००७ आणि २००८ ला सलग दोनदा एनसीएएचा (अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळांची मुख्य संस्था) एकेरी विजेता झाला, आणि चार वर्षं पूर्ण करूनच बाहेर पडला. त्याच्या वेळची अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स खरोखर अटलांटिकच्या बाजूची होती, आज तिच्यात कॅलिफोर्निया आणि टेक्सससुद्धा आहेत. कॉन्फरन्स बदलली म्हणून त्याची पदवी किंवा विजेतेपदं बदलली नाहीत.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझा कल ओहायोकडे आहे. पण तिथे बायोमेडिकल इंजिनिअरिंग आहे का आणि ती शाखा खेळाडूंना घेऊ देतात का, हे आधी बघा. काही प्रशिक्षक सरावाच्या वेळा आड येतात म्हणून मुलांना सोप्या शाखेकडे वळवतात. तसं असेल तर पूर्ण स्कॉलरशिपही महागात पडेल.

दोन्ही प्रशिक्षकांना ई-मेल मुलीनेच लिहू दे, तुम्ही किंवा एजंटने नाही. गेल्या हंगामात संघाचे वर्गाचे किती दिवस बुडाले, सध्या संघात इंजिनिअरिंगची कोणी मुलगी आहे का, आणि असल्यास तिच्याशी बोलता येईल का, हे तिने विचारावं. एकेरीच्या सहा जागांपैकी मी कितव्या जागेसाठी धरली जातेय, हेही. दुखापत झाली किंवा प्रशिक्षक बदलला तर स्कॉलरशिपचं काय होईल, ते तोंडी नको, लेखी हवं. खेळाडू आणि विद्यापीठाला बांधून ठेवणारं पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट हे पत्र २०२४ मध्ये रद्द झालं, आता विद्यापीठाचा आर्थिक मदतीचा करारच खरा कागद आहे. तो एका वर्षाचा आहे की चार, ही ओळ शोधा. राहण्या-जेवणाच्या रकमेवर तिकडे कर लागतो, तो हिशेबात धरा. नववीपासूनच्या गुणपत्रिका एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे अजून गेल्या नसतील तर या आठवड्यात पाठवा. टेनिसमध्ये बारावीनंतर लांबण लावलेलं चालत नाही.

उत्तरं आली की दोन्ही करारांचे मसुदे मला पाठवा, सही करण्याआधी. मुलीलाही फोनवर घ्या. पश्चिमेकडचं विद्यापीठ तिला मनातून का आवडलंय, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही, आणि ते मला तिच्याकडूनच ऐकायचं आहे.