सोफ्यातला भुगा आणि आईचं दूध

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत तिने पिशवीतून प्लास्टिकची छोटी पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आत पिवळा, गुलाबी, निळसर फोमचा भुगा. "मॅडम, हे आमच्या सोफ्याखाली रोज सापडतंय." मांडीवर दहा महिन्यांचं बाळ. बोलता बोलता तिने ओल्या वाइप्सने त्याची बोटं तीनदा पुसली. बोटांच्या बेचक्यातली कातडी लाल होऊन सोलवटली होती.

कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं एकत्र कुटुंब. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) 2019 च्या पुरात सोफा भिजला, टाकवेना म्हणून आतला फोम बदलून घेतला. स्वस्तातला, तुकडे चिकटवून केलेला. आता बैठक फाटली होती. बाळ रांगायला लागलं तेव्हा हिने मोबाईलवर वाचलं, की फोम लवकर पेटू नये म्हणून घातलेली रसायनं आईच्या दुधातही सापडतात. "मी रात्री तेच वाचत बसतो मॅडम," ती कोल्हापुरी बोलीत सांगत होती, "आता पाजायचंच बंद करावं म्हणतो." सासूबाईंचं एकच, "आमची पोरं काय वाढली न्हाईत व्हय?" नवरा गप्प.

'उगाच घाबरतेस' असं मी तिला म्हटलं नाही. तिची भीती खोटी नव्हती. पीबीडीई या गटातली ब्रोमिनयुक्त रसायनं फोममध्ये नुसती मिसळलेली असतात, त्याला घट्ट जोडलेली नसतात. ती हळूहळू बाहेर पडून घरातल्या धुळीत बसतात आणि रांगणारं मूल तेच हात तोंडात घालतं. त्यांची ठेवण थायरॉइडच्या संप्रेरकासारखी, म्हणून त्याच्या कामात ती ढवळाढवळ करू शकतात. गर्भात असताना जास्त संपर्क आलेल्या मुलांच्या बुद्ध्यांकावर आणि एकाग्रतेवर परिणाम दिसल्याचे अभ्यास आहेत. म्हणूनच 2009 मध्ये, वर्षानुवर्षं टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात यातले काही प्रकार बंदीच्या यादीत गेले, भारतानेही 2018 च्या नियमांनी त्यांवर बंदी घातली. पण जुन्या तुकड्यांच्या फोममध्ये काय आहे, हे डोळ्यांनी कळत नाही.

तरी तिने वाचलेलं बरंचसं अमेरिकेतल्या घरांबद्दल होतं. तिथे फर्निचर लवकर पेटू नये म्हणून केलेल्या कॅलिफोर्नियाच्या 1975 च्या नियमामुळे सोफ्यांत ही रसायनं भरपूर गेली. स्वीडनमध्ये 1972 ते 1997 या काळात आईच्या दुधातलं प्रमाण साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलं, हा आकडाही तिला पाठ होता. वापर कमी झाल्यावर तिथेच ते उतरू लागलं, हे मात्र तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आणि दूध पाजत राहा, हा सल्ला तिथेही बदलला नाही. हे ऐकून ती बराच वेळ रडली. मी घड्याळ पाहिलं नाही. दूध तोडायच्या विचाराने ती किती दिवस एकटी जळत होती!

बालरोगतज्ज्ञांनी बाळाचं वजन, वाढ, हालचाल तपासली. सगळं वयाला धरून होतं. रक्त तपासून घेण्याचा तिचा हट्ट होता, पण आकडा आला तरी त्यावर औषध नाही, हे त्यांनीच समजावलं.

दुसऱ्या भेटीला मी सासूबाईंना बोलावलं. सून वेडी आहे की शहाणी, हा विषयच काढला नाही. पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी भुगा चिमटीत चुरला, हाताला लागलेली पूड पाहिली आणि म्हणाल्या, "हे लेकराच्या तोंडात जातंय व्हय?" पुढचं त्यांनीच ठरवलं. कोरडा झाडू हॉलमध्ये बंद, आधी ओलं फडकं. खायच्या आधी बाळाचे हात साध्या साबणाने, सॅनिटायझर नाही. फाटक्या बैठका घराबाहेर उसवून फोम काढला आणि लक्ष्मीपुरीतून कापसाच्या गाद्या भरून आणल्या.

तिसऱ्या भेटीत बाळ मध्येच किरकिरायला लागलं. सासूबाईंच्या गाऱ्हाण्यावर हसत हसतच ती भिंतीकडे वळली आणि पदराआड त्याला पाजायला लागली. वाइप्सचं पाकीट पिशवीतच राहिलं होतं.