म्युनिकहून पार्टनाखक्लाम एका दिवसात, आई-बाबा आणि लहान मुलासह जमेल का?

तुम्ही विचारले आहे की जूनमध्ये पुण्याहून आई-बाबा येत आहेत, दोघेही पासष्टीच्या पुढचे, आईंचे गुडघे दुखतात, सोबत तीन वर्षांचा मुलगा आहे. तर सकाळी म्युनिकहून निघून आल्प्समधली पार्टनाखक्लाम ही नदीची अरुंद घळ बघून संध्याकाळी परतता येईल का, आणि त्याच दिवशी जवळचे त्सुगश्पिट्झ शिखरही उरकावे का.

घळ आरामात होते. त्सुगश्पिट्झ मात्र वेगळ्या दिवसासाठी ठेवा. ते 2962 मीटरचे शिखर आहे, नुसते वर जाऊन खाली यायला चार-पाच तास जातात आणि तिकीटही महाग आहे. दोन्ही एका दिवसात कोंबले की घळीत धावपळ होते, आणि ओल्या दगडावर धावपळ केली की माणूस पडतो.

सगळ्यात आधी वार ठरवा, कारण तिकीट त्यावर अवलंबून आहे. बायर्न तिकीट, म्हणजे बायर्न (बव्हेरिया) राज्यातल्या लोकल गाड्यांचे एका दिवसाचे तिकीट, पाच जणांपर्यंत चालते, पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 नंतरच लागू होते. नऊनंतरची गाडी पकडली तर घळीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत बारा वाजतात आणि तीच सर्वांत जास्त गर्दीची वेळ. शनिवार-रविवारी हे तिकीट मध्यरात्रीपासून चालते, म्हणून मी शनिवार घेईन आणि सातच्या आसपासची गाडी धरीन. तुम्हा दोघांकडे डॉइचलांड तिकीट (देशभरच्या लोकल गाड्यांचा मासिक पास) असेल तर बायर्न तिकीट फक्त आई-बाबांपुरते, दोघांचे काढा. सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. तिकिटावर प्रत्येक प्रवाशाचे नाव लिहायचे असते, ते गाडीत चढण्यापूर्वीच लिहा.

घळीजवळचे गाव म्हणजे गार्मिश-पार्टेनकिर्खेन. तिथे जाणारी आरबी 6 ही लोकल गाडी दर तासाला असते आणि सुमारे एक तास पंचवीस मिनिटे घेते. म्युनिकच्या मुख्य स्टेशनात ती 27 ते 36 क्रमांकांच्या फलाटांकडून सुटते. ते फलाट मुख्य इमारतीपासून बाजूला आहेत, तेव्हा आई-बाबांच्या चालीने दहा मिनिटे हाताशी ठेवा. म्युनिकमधल्याच पासिंग स्टेशनलाही गाडी थांबते, पण शनिवारी तिथे बसायला जागा मिळेलच असे नाही. डावीकडच्या खिडक्या धरा, श्टार्नबेर्गचा तलाव त्या बाजूला दिसतो. आदल्या रात्री रेल्वेचे अ‍ॅप उघडून रुळांचे काम नाही ना ते बघा. काम असले की मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस मिळते आणि वेळ वाढतो.

गार्मिश स्टेशनापासून ऑलिंपिक स्की स्टेडियम पायी पंचवीस मिनिटांवर आहे, गावातली बसही जाते. थांब्याचे नाव ‘स्कीश्टाडिओन’. 1936च्या हिवाळी ऑलिंपिकचे हेच ते मैदान. शौचालय इथेच उरकून घ्या, घळीत सोय नाही. पुढे नदीकाठाने डांबरी रस्ता, साधारण अर्धा तास, चढ नगण्य. लोक हा टप्पा हिशेबात धरत नाहीत आणि ज्येष्ठ मंडळी घळीच्या दाराशीच दमतात. स्टेडियमपासून घोडागाड्या सुटतात, आईंसाठी जाताना तरी ती करा. मोठ्यांचे प्रवेश तिकीट दहाएक युरो आहे. उन्हाळ्यात घळ सकाळी 8 ला उघडते.

आतली वाट सुमारे 700 मीटर आहे. बाजूचे कडे 80 मीटरपर्यंत उभे, वाट त्यांतच कोरून काढलेली, नदीच्या बाजूला पोलादी दोराचा कठडा. काही बोगद्यांत छत इतके खाली येते की उंच माणसाला मान वाकवावी लागते. छतातून पाणी ठिबकत राहते, पायाखालचा खडक कायम ओला, आणि पाण्याचा आवाज एवढा की शेजारच्याशीही ओरडून बोलावे लागते. त्यामुळे मुलाला काय सांगायचे ते आत शिरण्यापूर्वीच सांगा. बाबागाडी आत नेता येत नाही, मुलासाठी पाठीवरची झोळी हवी. छत्री नको, दोन माणसे जेमतेम एकमेकांना ओलांडतात. टोपीचा रेनकोट घ्या. जूनमध्येही आत गारवा असतो, आईंना स्वेटर लागेल. चपला-सँडल घरीच ठेवा, तळव्याला खोल खाचा असलेले बूट घाला.

वरच्या टोकाला घळ एकदम संपते आणि नदी उथळ, पसरट होते. कारण साधे आहे: घळ कठीण चुनखडकात कापली गेली आहे, तिच्या दोन्ही बाजूंना मऊ थरांचा खडक आहे आणि तिथे पाण्याने दरी रुंद केली. इथल्या गोट्यांच्या काठावर बसून दशम्या-चटणी खायला छान जागा आहे. मुलगा गोटे पाण्यात टाकत तासभर रमेल. पाण्यात उतरवू नका, त्सुगश्पिट्झच्या बाजूच्या बर्फाचे पाणी आहे ते, आणि ओढही जोरात असते.

परतीचा रस्ता गुडघ्यांवरून ठरवा. बहुतेक माहितीपत्रके घळीवरच्या एकबाउअर डोंगरावर चढून पाळण्याने (रोपवेने) खाली यायला सुचवतात. ती चढण चारशेहून जास्त मीटरची आहे. धडधाकट माणसालाही दीड-दोन तास लागतात. उलट, आधी पाळण्याने वर जाऊन घळीकडे उतरले तर दम लागत नाही, पण सगळा भार गुडघ्यांवर येतो. तुमच्यासाठी एकच मार्ग योग्य: घळीतूनच आलात तसे परत. खाली येताना पाणी तुमच्याबरोबर वाहते आणि घळ वेगळीच दिसते.

निघायच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळीही घळ उघडी आहे का ते तिच्या संकेतस्थळावर बघा. वसंतात बर्फ वितळताना ती काही आठवडे बंद असते आणि जोराच्या पावसानंतर कधीही बंद होऊ शकते. ही काळजी उगाच घेतलेली नाही: 1991 मध्ये वरच्या बाजूला कडा कोसळून नदीच अडली होती, तिथून वाट नेण्यासाठी नवा बोगदा खोदावा लागला.

बंद असलीच तर गार्मिशला न उतरता त्याच गाडीने पुढच्या मिटेनवाल्ड गावाला जा, बायर्न तिकीट तिथपर्यंत चालते. तिथल्या लॉइटाशक्लाम या दुसऱ्या घळीत कड्याला टांगलेला लोखंडी जाळीचा मार्ग आहे आणि तो फुकट आहे. फक्त जाळीतून खालचे पाणी थेट दिसते, तेव्हा उंचीची भीती कुणाला आहे का ते आई-बाबांना आधी विचारा.